परत आलेल्या यंत्राचें मोल

नऊवारी लुगडें जुनें झालें म्हणजे घरांतील आजी तें लागलेंच फाडून त्याच्या चिंध्या करीत नाहीं. दांड घालून तें आणखी कांहीं दिवस नेसतां येईल कीं काय, हें ती प्रथम पाहते. तें न जमल्यास धड राहिलेल्या भागांतून नातीचें परकर-पोलकें निघतें. उरलेल्याची गोधडी होते. आणि अगदीं शेवटीं जें राहील त्याचें पायपुसणें. ह्या क्रमांत मोठें अर्थशास्त्र सांठविलेलें आहे. वस्तु जितकी अखंड राहील तितकें तिचें मोल अधिक; ती जितकी तोडावी तितकें तें कमी. मोबाइल फोन, संगणक इत्यादि यंत्रें तयार करणारे कारखानदार गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या मालाचें काय करतात, हें समजून घेण्यास आजीचा हा क्रम पुरेसा आहे.

माल दोन वाटांनीं परत येतो. कांहीं यंत्रें नुकतीच विकत घेतलेलीं, पण मनास न आल्यामुळें किंवा बिघडलीं असें वाटल्यामुळें परत केलेलीं असतात. कांहीं जुनीं होऊन नव्याच्या बदल्यांत दिलेलीं असतात. कारखान्यांत आल्यावर प्रत्येकाचा क्रमांक नोंदवून घेतात. नंतर पूर्वीच्या मालकाचीं छायाचित्रें, पत्रें व हिशेब पुसून टाकतात. ह्यावांचून यंत्र दुसऱ्याच्या हातीं देणें धोक्याचें होय. मग पडदा, बॅटरी, आवाज ह्यांची एकेक परीक्षा होते. बिघडलें म्हणून परत आलेल्या पुष्कळशा यंत्रांत मुळीं दोषच नसतो! तें कसें चालवावें हें मालकास उमगलेलें नसतें, एवढेंच. अशा यंत्राची सफाई व किरकोळ डागडुजी करून, 'नूतनीकृत' असें स्पष्ट सांगून, तें कमी किंमतीस पण हमी देऊन विकतात. धातु खणण्यापासून जोडणीपर्यंत यंत्रांत ओतलेले श्रम ह्या वाटेनें जवळजवळ सर्व वांचतात.

समग्र यंत्र वांचण्याजोगें नसेल तर त्याच्या अवयवांकडे पाहावयाचें. ह्याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीचें होय. १९५९ सालीं बाजारांत आलेलें तिचें '९१४' हें छायाप्रती काढण्याचें यंत्र ती बहुधा भाड्यानें देई. मुदत संपली कीं यंत्र कंपनीकडेच परत येई; आणि आपल्याच घरचा माल कोण फेकून देईल? पुढें १९९० नंतरच्या दशकांत, यंत्र परत आल्यावर त्याचे भाग पुन्हां वापरतां यावेत, अशा बेतानेंच तिनें नवीं यंत्रें आंखण्यास आरंभ केला. नेदरलंड्समधील व्हेनराय येथील तिच्या कारखान्यांत परत आलेलीं यंत्रें सुटीं करून पुन्हां उभीं करीत. सांगाडा सहसा झिजत नाहीं. झिजतात ते रूळ व पट्टे. तेवढे बदलले कीं यंत्र पुन्हां कामास सिद्ध! मात्र त्याकरितां तें सुटें होईल असें मुळांतच बांधलें पाहिजे. स्क्रूनें बसविलेला भाग निघतो. डिंकानें चिकटविलेला मोडतो.

अवयवहि निरुपयोगी ठरले म्हणजे शेवटची पायरी येते, ती धातूंची. येथेंहि नीट सोडविण्यास महत्त्व आहे. फोन सरसकट भरडून टाकला तर त्याच्या कर्ण्यांतील चुंबकांचे दुर्मिळ धातु लोखंडाच्या भुग्यांत मिसळून हातचे जातात. म्हणून अॅपल कंपनीनें २०१८ सालीं 'डेझी' नांवाचा यंत्रमानव पुढें आणला. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें तो तासाला २०० फोन सुटे करूं शकतो. बेल्जममध्यें अँटवर्पजवळ होबोकेन येथें युमिकोर कंपनीची मोठी भट्टी आहे. तेथें जुन्या यंत्रांतील विद्युत्-पाट्या वितळविल्या म्हणजे तांबें सोन्याचांदीस आपल्यांत ओढून घेतें, आणि मग ते धातु एकेक वेगळे करतात. एकंदर १७ धातु तेथें हातीं लागतात.

परंतु ह्या सोन्याचा फार मोह धरूं नये. टोकियो येथें २०२१ सालीं झालेल्या ऑलिंपिक सामन्यांचीं पदकें जुन्या यंत्रांतील धातूंचीं केलीं होतीं. त्यासाठीं जपानी जनतेनें ७८,९८५ टन लहान यंत्रें दिलीं. त्यांतून ३२ किलो सोनें, ३,५०० किलो चांदी व २,२०० किलो कांसें मिळालें. म्हणजे टनामागें अर्धा ग्रॅमहि सोनें पडलें नाहीं! भट्टीची मिळकत ही आजीच्या पायपुसण्यासारखी होय: फुकट जाऊं नये म्हणून घ्यावयाची, पण तिच्यासाठीं लुगडें फाडावयाचें नाहीं.

ही पायरीहि बहुतेक यंत्रांच्या नशिबीं नसते. २०२२ सालीं जगांत सुमारें ६ कोटि २० लक्ष टन विद्युत्-कचरा निर्माण झाला. त्यांपैकीं रीतसर गोळा होऊन पुनरुपयोगास गेल्याची नोंद शेंकडा २२.३ एवढ्याचीच आहे. बाकीच्यांतील पुष्कळसा उघड्यावर जातो. दिल्लींतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत गोरगरीब लोक हातोडीनें यंत्रें फोडतात. तांब्यासाठीं तारा जाळल्या व सोन्यासाठीं पाट्या आम्लांत बुडविल्या कीं शिसें व विषारी धूर आसपासच्या मुलांच्या छातींत जातो. भारत सरकारच्या २०२२ सालच्या नियमांनीं, जे १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले, ही जबाबदारी माल करणारांवर टाकली आहे. २०२३-२४ सालीं ठरलेल्या प्रमाणापैकीं शेंकडा ६० आणि २०२७-२८ पासून शेंकडा ८० मालाचा रीतसर पुनरुपयोग झाल्याचा दाखला त्यांनीं दाखवावा, असा नियम आहे.

पण कायदा आपल्या कपाटाचा खण उघडूं शकत नाहीं. तेथें पडून राहिलेला फोन आज एखाद्या विद्यार्थ्याच्या अभ्यासास उपयोगी पडेल. दोन वर्षांनीं त्याचे सुटे भाग कदाचित् कामास येतील. दहा वर्षांनीं उरेल तो केवळ चिमूटभर धातु. म्हणून, वाचकहो, न लागणारें यंत्र वेळींच परत करावें. देण्यापूर्वीं आपला मजकूर उतरून घेऊन पुसावा. बॅटरी फुगली असल्यास ती टोंचूं नये कीं केराच्या डब्यांत टाकूं नये, कारण ती पेट घेते. आजी लुगडें विरण्याची वाट पाहत बसत नाहीं; धड आहे तोंच तें उपयोगास लावते. आपणहि तसेंच करावें.