ओसाकातले ‘अहो’

सदाशिव पेठेत भर दुपारी कुणा बाईंनी ‘अहो!’ अशी हाक मारली, तर दहा पुरुष वळून बघतात. जपानमधल्या ओसाका शहरातही बघतील, पण कारण वेगळे. तिथे ‘अहो’ म्हणजे मूर्ख!

माझी मावशी काही वर्षांपूर्वी मुलाकडे ओसाकाला गेली. मुलाने पहिल्याच दिवशी बजावले, “आई, बाहेर बाबांना ‘अहो’ म्हणू नकोस.” चाळीस वर्षांत जिने नवऱ्याचे नाव उखाण्यापुरतेच घेतले, तिने हाक मारायची तरी कशी? स्टेशनच्या गर्दीत काका पुढे निघाले. मावशीने ओठांवर आलेला शब्द गिळला. काका चढले, दार लागले, गाडी गेली. पुढच्या स्टेशनवरून ते परत येईपर्यंत ती फलाटावर रडवेली होऊन उभी.

या दोन शब्दांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. आपले ‘अहो’ हे संस्कृतातलेही अव्यय; आश्चर्य, खेद, संबोधन, सगळ्याला चालणारे. मराठीत ते आदराची हाक झाले. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून बायकांनी त्या हाकेचेच नाव केले. ‘आमच्या अहोंना विचारते’ असे आपण विभक्ती लावून सर्रास म्हणतो. अव्ययाला प्रत्यय! व्याकरणाच्या मास्तरांनी कपाळावर हात मारावा.

जपानीचे कूळच निराळे. तिथले ‘अहो’ दोन चित्राक्षरांत लिहितात, त्यातल्या दुसऱ्याचा अर्थ भांबावलेला. ओसाकात हा शब्द लाडाचाही असतो. तोक्योवाल्यांना मात्र तो झोंबतो, त्यांचा नेहमीचा शब्द ‘बाका’. 1991 साली ओसाकाच्या एका टीव्ही कार्यक्रमाने देशभर प्रश्नावल्या पाठवून मूर्खासाठी कुठे कोणता शब्द आहे, याचा नकाशाच केला. निर्माते ओसामु मात्सुमोतो यांनी 1993 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पाण्यात दगड टाकल्यावर तरंग उठावेत, तसे हे शब्द जुनी राजधानी क्योतोपासून पसरले होते. दूरचे शब्द जुने, जवळचे नवे. ‘अहो’ जवळचा.

गंमत म्हणजे जपानी बायकाही पूर्वापार नवऱ्याचे नाव टाळून ‘अनाता’, म्हणजे ‘तुम्ही’, अशी हाक मारत आल्या. मुलाने मावशीला ती शिकवली. तिने घरात म्हणून पाहिली. काकांनी पेपरातून मानही वर केली नाही.

उरलेले दहा दिवस, बाहेर पडले की मावशी काकांच्या शर्टाची बाही धरून चालत होती.