मृताचा शब्द कीं जिवंताची गरज ?

दान देणारा मनुष्य मर्त्य असतो. परंतु त्यानें करून ठेवलेली नेमणूक मात्र यावच्चंद्रदिवाकरौ चालावी, अशी त्याची इच्छा असते. ही इच्छा स्तुत्य खरी, पण काळ तिला जुमानीत नाहीं. ज्या दुःखासाठीं पैसा ठेवला तें दुःख नाहींसें होतें, ज्या वस्तीसाठीं ठेवला ती वस्ती उठून जाते, आणि पैसा तेवढा मागें राहतो. मग त्या पैशाचें काय करावें ? इंग्लंडांत ह्या प्रश्नाचा निकाल कसा लागला, हें लंडनच्या एका जुन्या चर्चच्या इतिहासावरून चांगलें दिसून येतें. धर्मादायाचा पैसा ज्यांच्या हातीं आहे, किंवा पुढेंमागें कांहीं रक्कम धर्मादाय ठेवण्याचा ज्यांचा मानस आहे, त्या आमच्या वाचकांनीं तो इतिहास अवश्य लक्षांत घ्यावा.

लंडन शहराच्या जुन्या तटाबाहेर, क्रिपलगेट नांवाच्या वेशीजवळ, सेंट जाइल्सचें चर्च आहे. हा संत लुळ्यापांगळ्यांचा व भिकाऱ्यांचा कैवारी मानला जातो. मूळची स्थापना अकराव्या शतकाच्या अखेरची, पुढें इ. स. १३९४ च्या सुमारास तें नव्यानें बांधलें गेलें. १५४५ च्या आगींत त्याचें फार नुकसान झालें, पण १६६६ सालच्या लंडनच्या प्रचंड आगींतून तें वांचलें. ऑलिव्हर क्रॉमवेलचें लग्न १६२० सालीं येथेंच लागलें, आणि महाकवि मिल्टन ह्यास १६७४ सालीं येथेंच मूठमाती मिळाली. परंतु आमचा आजचा विषय ह्या थोरांचा नाहीं. चर्चच्या दाराशीं उभ्या राहणाऱ्या गरिबांचा आहे.

इंग्लंडांत पॅरिश म्हणजे नुसती धर्मोपदेशकाची हद्द नव्हे. एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्यानें गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर टाकला, आणि त्यासाठीं घरपट्टीसारखा कर बसविण्याचा अधिकार चर्चच्या कारभाऱ्यांस व गरिबांवरील देखरेख्यांस दिला. ह्या सक्तीच्या कराशेजारीं खुशीचा धर्मादायही वाढत गेला. क्रिपलगेटच्या पॅरिशला मिळालेल्या देणग्यांचा माग इ. स. १५०० पर्यंत मागें लागतो. अशा पॅरिशांतून कोणी व्यापारी मरतांना एखादें घर किंवा जमीन लावून देई; तिच्या भाड्यांतून कोठें दर रविवारीं पाव वांटावे, कोठें थंडींत कोळसा द्यावा, कोठें गरिबाच्या मुलास धंदा शिकविण्यासाठीं उस्तादाकडे ठेवावें, अशी तजवीज असे. त्या काळीं ही व्यवस्था उत्तमच होती. देणारा व घेणारा एकाच आळींत राहत, आणि कोणाची चूल पेटली नाहीं हें शेजाऱ्यास विचारावें लागत नसे.

पुढें व्यापार वाढला. राहत्या घरांच्या जागीं पेढ्या, वखारी व कचेऱ्या झाल्या. १८०१ सालीं लंडनच्या मध्यवर्ती ‘सिटी’ ह्या भागांत सव्वा लाखावर माणसें राहत होतीं. १८८१ सालीं तीं पन्नास हजारांच्या आसपास उरलीं. येथें व्यापारी वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दानाची मिळकत बहुतेक जमिनीच्या रूपानें होती. जागांचीं भाडीं वाढलीं म्हणून धर्मादायाचें उत्पन्न वाढलें, आणि तीं वाढलीं म्हणूनच गरिबांना तेथून निघून जावें लागलें ! एकाच कारणानें तिजोरी भरली व दार ओस पडलें. सिटींतील पॅरिशांच्या धर्मादायाचें उत्पन्न वर्षाला सुमारें एक लाख पौंड झालें. पण ज्यांच्यासाठीं तें होतें ते लोक दूरच्या गलिच्छ वस्त्यांत जाऊन राहिले होते. मृत्युपत्रांतील हद्द त्यांस आडवी येई. उरलेला पैसा कोठें मेजवान्यांत, कोठें कर भरणारांचा भार हलका करण्यांत जाऊं लागला. कागदोपत्रीं नेम पाळला जात होता. धर्म मात्र बुडाला होता.

१८७८ सालीं सरकारनें ह्याच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि जेम्स ब्राइस ह्यांच्या खटपटीनें १८८३ सालीं पार्लमेंटांत कायदा झाला. उपासनेसाठीं ठेवलेला पैसा व लोकांच्या सामान्य हितासाठीं ठेवलेला पैसा असे दोन भाग करण्यांत आले, आणि दुसरा भाग सबंध लंडनच्या गरिबांकरितां खुला झाला. १८९१ सालीं ह्या पैशाची एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. ती आज ‘ट्रस्ट फॉर लंडन’ ह्या नांवानें काम करीत आहे. कामकरी वर्गास धंदेशिक्षण देणाऱ्या शाळांस ह्या पैशाचें मोठें साहाय्य झालें. क्रिपलगेटसारख्या पांच मोठ्या पॅरिशांस मात्र आपापला धर्मादाय स्वतंत्र ठेवण्याची मुभा होती. क्रिपलगेटनें आपल्या पैशांतून १८९६ सालीं वाचनालय, व्याख्यानगृह व शिक्षणाचे वर्ग असलेली संस्था उघडली. बिशप्सगेट पॅरिशनें १८९५ सालीं तसेंच केलें, आणि तेथील संस्था अद्यापि चालू आहे.

दात्याचा शब्द मोडणें हें पाप नव्हे काय, असा आक्षेप येथें घेतला जाईल. थॉमस बेटन नांवाच्या लंडनच्या व्यापाऱ्याचें उदाहरण पाहावें. १७२४ सालीं तो वारला; आपल्या मिळकतीच्या निम्म्या उत्पन्नांतून उत्तर आफ्रिकेच्या चांच्यांनीं गुलाम केलेल्या इंग्रजांची खंडणी भरून सुटका करावी, असें त्यानें लिहून ठेविलें होतें. पुढें ती गुलामगिरीच नष्ट झाली, आणि पैसा सांचत राहिला. अखेर १८४४ सालापर्यंत कज्जा चालून, त्याच मृत्युपत्रांतील दुसऱ्या हेतूकडे, म्हणजे गरिबांच्या शाळांकडे, तो वळविला गेला. मूळ हेतु अशक्य झाल्यास त्याच्या शक्य तितक्या जवळचा हेतु धरावा, हें ह्या कायद्याचें तत्त्व. बेटनला लोखंडी बेड्या तोडावयाच्या होत्या. अज्ञानाच्या बेड्या तुटल्या तर त्याचा आत्मा रुष्ट होईल, असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या म्हातारीचा रविवारचा पाव बंद झाला, तिला व्याख्यानगृहाचा काय उपयोग ? हा प्रश्न योग्य आहे, आणि म्हणूनच बदल करणारांनीं पहिली चौकशी जिवंत गरिबाची केली पाहिजे. आपल्या आवडत्या सुधारणेची नव्हे.

शिवाय नवा हेतुही जुना होतो. १९४० सालच्या बाँबवर्षावांत सेंट जाइल्स जळून गेलें, व भोंवतालची वस्ती उध्वस्त झाली. १९५१ सालीं क्रिपलगेट वॉर्डांत अवघीं ४८ माणसें राहत होतीं. चर्च पुन्हां उभें राहिलें. आज तें बार्बिकनच्या उंच इमारतींमध्यें आहे. क्रिपलगेटची ती संस्था १९७३ सालीं बंद झाली. परंतु धर्मादायाचा पैसा मेला नाहीं. तो गरिबांच्या मागोमाग निघाला, आणि आज शेजारच्या इझ्लिंग्टन भागांतील गरजूंच्या कामीं येत आहे.

हें तत्त्व आपणांस परकें नाहीं. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यांत, जो आतां महाराष्ट्राच्या नांवानें चालतो, मूळ हेतु अशक्य झाल्यास धर्मादायाचा पैसा न्यायालयाच्या हुकुमानें जवळच्या हेतूकडे वळविण्याची सोय आहे. पण कायद्याचें दार कोणी ठोठावल्याखेरीज उघडत नाहीं. आपल्या पाणपोया, धर्मशाळा व सदावर्तें ह्यांच्या विश्वस्तांनीं दरवर्षीं हिशेबाबरोबर एक प्रश्न स्वतःस विचारावा: ज्यांच्यासाठीं हें ठेविलें ते लोक आज कोठें आहेत ? आणि जे नव्यानें दान देणार असतील त्यांनीं आपला हेतु स्पष्ट लिहावा, पण पुढच्या पिढीच्या शहाणपणासही थोडी जागा ठेवावी. दात्याच्या अक्षरांस चिकटून त्याची दया मारणें, ही त्याची सेवा खास नव्हे.