सेल मर्ज केले म्हणजे मजकूर जोडला जात नाही

मानपाडा म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुठला? ठाण्यात घोडबंदर रोडवरचा, की डोंबिवली पूर्वेचा? फ्लॅट भाड्याने देऊन दुसरीकडे राहणाऱ्या सभासदांचे पत्ते सोसायटीच्या एक्सेल शीटमध्ये असतात, तेव्हा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. समजा, एका सेलमध्ये ‘मानपाडा’ आहे आणि शेजारच्या सेलमध्ये ‘ठाणे (प.)’. पत्ता एकत्र दिसावा म्हणून सचिव दोन्ही सेल निवडून ‘मर्ज अँड सेंटर’ दाबतात. एक्सेल सूचना दाखवते, घाईत ‘ओके’ दाबले जाते आणि शीटमध्ये फक्त ‘मानपाडा’ उरतो. नोटीस ठाण्याला धाडायची की डोंबिवलीला, हे आता शीट सांगू शकत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. मर्ज म्हणजे मजकूर जोडणे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मर्जने फक्त चौकटी एक होतात. वरच्या डाव्या सेलमधला मजकूर राहतो, बाकीचा पुसला जातो. गूगल शीट्सही असेच करते. लिबरऑफिस कॅल्क मात्र बाकीच्या मजकुराचे काय करायचे, ते आधी विचारते. नंतर ‘अनमर्ज’ केले की सगळे परत येईल, हाही भ्रमच. चौकटी सुट्या होतात, गेलेला मजकूर येत नाही. लगेच ‘अनडू’ केले तरच तो वाचतो.

मजकूर खरोखर जोडायचा असेल तर तिसऱ्या रकान्यात सूत्र लिहावे. दोन सेलच्या मध्ये ‘&’ हे चिन्ह टाकले तरी काम भागते. एक्सेल २०१९ पासून ‘टेक्स्टजॉइन’ हे फंक्शन आहे. ते मध्ये स्वल्पविराम टाकते आणि सांगितले तर रिकामे सेल वगळते, त्यामुळे ज्यांच्या पत्त्यात विंग नाही तिथे दोन स्वल्पविराम लागोपाठ येत नाहीत. मूळ रकाने काढून टाकायचे असतील तर आधी सूत्राचा रकाना कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करावा, नाहीतर सूत्रच मोडते.

‘मजकूर एकाच सेलमध्ये असेल तर मर्ज केल्याने काय बिघडते?’ असे विचारले जाते. बरेच बिघडते. ‘बी विंग’ हे शब्द वीस ओळींवर उभे मर्ज केले, तर डोळ्यांना ते वीसही ओळींचे दिसतात, पण एक्सेलच्या लेखी फक्त पहिल्या ओळीचे असतात. फिल्टर लावला की बी विंगचा एकच सभासद दिसतो. ‘समइफ’ने थकबाकीची बेरीज केली तर एकाच फ्लॅटची रक्कम येते, आणि कोणतीही सूचना न देता येते. हिशेबात याहून घातक चूक मला माहीत नाही. सॉर्टिंग तर बहुधा अडतेच.

मथळा अनेक रकान्यांच्या मधोमध हवा असेल तरी मर्जची गरज नाही. सेल निवडून कंट्रोल आणि १ दाबावे, ‘अलाइनमेंट’मध्ये ‘हॉरिझॉन्टल’खाली ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ निवडावे. दिसायला तेच, आणि सेल सुटेच राहतात.

आता ओळीच्या उंचीबद्दल. ‘रॅप टेक्स्ट’ केले की ओळ आपोआप वाढते, हा समज अर्धाच खरा आहे. उंची एकदा हाताने ठरवली की ती तेवढीच राहते, आणि मर्ज केलेल्या सेलसाठी एक्सेल उंची जुळवतच नाही. मराठीत याचा त्रास अधिक होतो, कारण आपली अक्षरे शिरोरेघेच्या वर आणि पायाच्या खालीही जागा मागतात. ओळ आखूड पडली की रफार, वेलांटी, उकार कापले जातात. ओळ क्रमांकांमधल्या रेषेवर डबल क्लिक केले की साध्या सेलची उंची जुळते. कमाल उंची ४०९ पॉइंट, आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. या कमाल उंचीत न मावणारा मजकूर ओळ वाढवून दिसणार नाही. रकाना रुंद करावा लागतो.

सभासदांची यादी, म्हणजे आपला ‘जे’ नमुना, पुढच्या समितीकडे सोपवण्याआधी शीटची एक प्रत जपून ठेवा आणि दुसरीत सगळे निवडून ‘अनमर्ज’ करा. रिकामे पडलेले विंगचे सेल भरा, गेलेले पत्ते जुन्या फायलीतून किंवा सभासदांना विचारून परत लिहा. मर्ज छपाईच्या वेगळ्या शीटपुरतेच ठेवा.