आफ्रिकी सिक्लिड मत्स्यांचा सहवास : निवडीची तत्त्वे

सिक्लिड हे मत्स्यकुल भारतास सर्वस्वी अपरिचित नाही. गोव्याच्या व कोकणच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर हा ह्याच कुलातील होय. तथापि ह्या कुलाचा विलक्षण विस्तार पूर्व आफ्रिकेतील मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया ह्या तीन सरोवरांत झाला. तेथील शेकडो जाती अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. रंगांच्या तेजामुळे त्यांस घरगुती मत्स्यालयात स्थान मिळाले. परंतु केवळ रूप पाहून त्यांची निवड केल्यास काही मासे दगावतात आणि उरलेल्यांची संतती संकरज निपजण्याचा संभव असतो. म्हणून सहवासाचा विचार तीन कसोट्यांवर करणे इष्ट ठरते.

पहिली कसोटी सरोवराची. टांगानिकाचे पाणी बरेच अल्कधर्मी असून त्याचे पीएच मूल्य ९ च्या आसपास असते. मलावीचे सुमारे ८ असते. शिवाय दोन्हींतील मत्स्यांच्या सवयी भिन्न आहेत. टांगानिकातील काही लहान जाती गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत राहतात. मलावीच्या दांडग्या माशांपुढे त्यांचा निभाव लागत नाही. सबब एका पेटीत एकाच सरोवरातील जाती ठेवाव्यात.

दुसरी कसोटी आहाराची. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरील ‘म्बुना’ गटातील बहुतेक मासे खडकांवरील शैवालाचा थर खरवडून खातात व त्यांचे आतडे लांब असते. ह्याउलट ऑलोनोकारा प्रजातीतील मासे डोक्यावरील संवेदी छिद्रांच्या साहाय्याने वाळूतील लहान जीवांची चाहूल घेऊन त्यांची शिकार करतात. दोन्ही गटांस एकच प्रथिनप्रचुर अन्न दिल्यास शैवालभक्षकांस पोट फुगण्याचा घातक विकार जडतो, असा मत्स्यपालकांचा अनुभव आहे.

तिसरी कसोटी रंगाची, आणि तीच सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. नर आपल्यासारख्या रंगाच्या नरास प्रतिस्पर्धी समजतो. त्यामुळे निळ्या पट्ट्यांच्या दोन जाती शेजारी नांदत नाहीत. पिवळा लॅबिडोक्रोमिस सेरुलिअस हा त्या मानाने शांत असल्याने निळ्या जातीस जोड म्हणून योग्य ठरतो. एका नरामागे अनेक माद्या, दगडांच्या पुष्कळ कपारी व सुमारे सव्वा मीटर लांबीची पेटी असल्यास आक्रमकता विभागली जाते.

माद्याही जोडीदाराची ओळख बव्हंशी रंगावरूनच पटवितात. १९९७ साली ओले झेहाउझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिक्टोरिया सरोवराविषयी असे दाखवून दिले की, पाणी गढूळ झाल्याने रंग दिसेनासे होतात व जातींमधील भेद पुसट होऊ लागतात. पेटीत कारण वेगळे असले तरी परिणाम तोच होतो. स्वजातीय जोडीदार नसला की मादी निकटच्या जातीशी समागम करते. ऑलोनोकारातील निरनिराळ्या जातींच्या माद्या तर इतक्या सारख्या दिसतात की, पालकासही त्या ओळखता येत नाहीत. म्हणून ह्या प्रजातीतील एकच जाती ठेवावी व संकरज पिले दुसऱ्यास शुद्ध म्हणून देऊ नयेत.

हा आग्रह निव्वळ हौसेचा नव्हे. व्हिक्टोरियात १९५० नंतरच्या दशकात नाईल पर्च हा भक्षक मासा सोडण्यात आला. पुढे तेथील अनेक सिक्लिड जाती नाहीशा झाल्या, आणि काही आज मुख्यतः मत्स्यालयांतच टिकून आहेत. अशा जातींचा वंश पालकाच्या विवेकावर अवलंबून राहतो.