विश्लेषण : टर्बो कारचे ‘रीमॅपिंग’ – कोणता पर्याय, किती जोखीम?

इंजिन न उघडता, एकही सुटा भाग न बदलता गाडीची ताकद वाढवून देतो, अशा जाहिराती समाजमाध्यमांवर सर्रास दिसतात. टर्बो इंजिनाच्या बाबतीत हा दावा खोटा नाही. केवळ सॉफ्टवेअर बदलून अशा गाडीचा पिकअप जाणवण्याइतका वाढतो. मात्र वाढलेल्या ताकदीचा भार गिअरबॉक्स, क्लच, वॉरंटी आणि विमा यांच्यावर येतो. त्यामुळे पर्याय निवडताना ‘किती पीएस वाढेल’ यापेक्षा ‘काय पणाला लागेल’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ईसीयू नेमके काय करते?

ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक. हवेचे प्रमाण, तापमान, इंजिनाचा वेग आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे याची नोंद घेऊन इंधन किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची आणि टर्बोचा दाब किती ठेवायचा, हे तो ठरवतो. ही आकडेमोड ज्या तक्त्यांवरून होते, त्यांना ‘मॅप’ म्हणतात. हे तक्ते बदलणे म्हणजे रीमॅपिंग.

टर्बो गाडीतच एवढा फरक का पडतो?

साधे इंजिन वातावरणाच्या दाबानेच हवा ओढते. तिथे सॉफ्टवेअर बदलून फारसे हाती लागत नाही. टर्बो इंजिनात मात्र हवा दाबून भरली जाते आणि हा दाब सॉफ्टवेअरच्या ताब्यात असतो. दाब वाढवला, त्या प्रमाणात इंधन वाढवले, की ताकद वाढते. फक्त सॉफ्टवेअर बदलून साधारण २० ते ३० टक्के वाढ मिळत असल्याचे ट्यूनर सांगतात.

कंपनी ही ताकद राखून का ठेवते?

कंपनीला एकच गाडी मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात, लडाखच्या थंडीत आणि माणसे-सामान भरून खंबाटकी घाट चढताना चालवून दाखवायची असते. पंपावरचे इंधन सगळीकडे सारखे नसते, सर्व्हिसिंगही वेळेवर होतेच असे नाही. शिवाय प्रदूषणाचे निकष पाळायचे आणि काही वर्षांची वॉरंटी द्यायची असते. राखून ठेवलेली ताकद ही या सगळ्यासाठी सोडलेली जागा असते. रीमॅपमध्ये तीच वापरली जाते.

पर्याय कोणते?

पेडल बॉक्स : हा अ‍ॅक्सिलरेटरचा संदेश वाढवून पुढे पाठवतो. थोडे दाबले तरी जास्त दाबल्यासारखे होते. गाडी चपळ वाटते, पण इंजिनाची ताकद वाढत नाही. काढून ठेवणे सोपे असते.

ट्यूनिंग बॉक्स : सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये जोडला जातो. दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे ईसीयूला भासवून तो दाब वाढवून घेतो. ईसीयूचे सॉफ्टवेअर तसेच राहते. मात्र ईसीयूला खरी स्थिती कळत नाही, ही त्याची कमकुवत बाजू.

स्टेज १ रीमॅप : गाडीचे सुटे भाग तेच ठेवून मॅप बदलला जातो. दाब, इंधन, ठिणगी आणि टॉर्कच्या मर्यादा यांचा मेळ बसवता येतो, म्हणून काम नीट झाले तर गाडी ट्यूनिंग बॉक्सपेक्षा सुरळीत चालते. यात तयार फाइल आणि त्याच गाडीवर डायनो यंत्रावर तपासत केलेला मॅप, असे दोन प्रकार आहेत. दुसरा महाग, पण अधिक भरवशाचा.

स्टेज २ : मॅपसोबत एक्झॉस्टचा डाउनपाइप, इंटरकूलर, एअर इनटेक असे भाग बदलले जातात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेल गाडीतला डीपीएफ काढून टाकला, तर गाडी प्रदूषणाच्या निकषांत बसत नाही. रोजच्या वापराच्या गाडीसाठी हा पर्याय विचारात न घेतलेलाच बरा.

इंजिन सहन करेल, पण गिअरबॉक्स?

फोक्सवॅगन व्हर्टस, टायगुन, स्कोडा स्लाव्हिया आणि कुशाक या गाड्यांत मिळणारे १.५ लिटर टीएसआय इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देते. त्याला जोडलेल्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची ठरवून दिलेली क्षमताही २५० न्यूटन मीटरच आहे. म्हणजे कागदावर तरी जागा शिल्लक नाही. टॉर्क वाढवला की क्लच घसरण्याची आणि लवकर झिजण्याची शक्यता वाढते. मॅन्युअल गाडीतही आधी क्लचच घसरू लागतो. म्हणून टॉर्कचा कमाल आकडा मर्यादित ठेवणारा मॅप शहाणपणाचा.

इंधनाचा संबंध काय?

दाब वाढला की मिश्रण वेळेआधी पेटण्याचा, म्हणजे ‘नॉकिंग’चा धोका वाढतो. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हा धोका कमी करते. परदेशात ९८ ऑक्टेनसाठी बनवलेली फाइल इथल्या साध्या पेट्रोलवर तशीच चालवणे घातक ठरू शकते. त्यात आता २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आले आहे. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलो. त्यामुळे आपल्या नेहमीच्या पंपावरचे इंधन डोळ्यांसमोर ठेवूनच मॅप हवा. छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर अचानक खूप टॉर्क देणारा मॅप विशेष धोक्याचा. त्याने पिस्टनला इजा होऊ शकते.

वॉरंटी, विमा आणि कायदा काय सांगतो?

जुने सॉफ्टवेअर परत टाकले तरी अनेक गाड्यांत ते किती वेळा बदलले याची नोंद ईसीयूमध्ये राहते. त्यावरून इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्यात अडचणीचा ठरू शकतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य सुटे भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पीयूसी मिळाली म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. पेट्रोल गाडीची ही चाचणी गाडी उभी असताना होते. रीमॅपचा परिणाम मात्र भार पडल्यावर दिसतो.

मग निवड कशी करावी?

गाडी वॉरंटीत असेल, हप्ते सुरू असतील आणि घरात ती एकच असेल, तर ईसीयूला हात न लावणे उत्तम. पिकअपची तक्रार असेल तर आधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग, टायरमधील हवा आणि टर्बोच्या पाइपांतली गळती तपासावी. अनेकदा हरवलेली ताकद तिथेच सापडते.

वॉरंटी संपली असेल आणि जोखीम मान्य असेल, तरी ट्यूनरला चार प्रश्न विचारावेत : मूळ फाइल जपून ठेवून परत देणार का? एकाच डायनोवर आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवणार का? टॉर्क किती ठेवणार आणि गिअरबॉक्सची क्षमता किती? मॅप कोणत्या इंधनासाठी आहे? यांची सरळ उत्तरे न देता केवळ पीएसचा आकडा सांगणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये.