'उच्यते' आणि 'इट इज सेड'

आपला चिकित्सानुभव इंग्रजीत लिहून दूरच्या वाचकांपर्यंत पोहोचवावा, ही इच्छा आज लहान गावातील वैद्यालाही असते. पिंप्राळ्यातील माझ्या चिकित्सालयात तरुण वैद्यमित्र आपले रुग्णवृत्तांत तपासण्यासाठी आणून देतात. त्यांत 'इट इज सेड दॅट' हे शब्द हमखास आढळतात. बहुधा ते संस्कृतातील 'उच्यते'चे भाषांतर असते, आणि तेथेच घात होतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात आयुर्वेदाची व्याख्या आहे. ती 'उच्यते' या पदाने संपते. तेथील कर्मणी प्रयोग संज्ञा निश्चित करतो. इंग्रजीत त्यास 'इज कॉल्ड' म्हणावे. 'इट इज सेड' म्हणणारा लेखक मात्र मत नोंदवून स्वतः बाजूला सरतो. लोक म्हणतात बुवा, माझी हमी नाही, असा भाव वाचकास जाणवतो. शास्त्रवचन आपल्याच हातून ऐकीव गोष्ट होऊन बसते!

ही रचना त्याज्य मात्र नव्हे. 'पिंप्राळ्याला प्रतिपंढरपूर म्हटले जाते' असे लिहिताना कोण म्हणते हे सांगावे लागत नाही. आषाढी एकादशीच्या रथोत्सवास येणारा प्रत्येक जण तसे म्हणतो. आपल्या खानदेशी केळ्याविषयी लिहिताना 'इट इज बिलीव्ह्ड दॅट बनाना इन्क्रीझेस कफ' यापेक्षा 'बनाना इज बिलीव्ह्ड टू इन्क्रीझ कफ' हे वाक्य सरस, कारण विषय आरंभीच येतो. क्रियापदही तोलून घ्यावे. 'क्लेम्ड' म्हटले की संशय डोकावतो, 'रिपोर्टेड' म्हटले की संदर्भ द्यावा लागतो आणि 'नोन' म्हटले की लेखकाने ते मत स्वीकारले असे होते.

परंतु मताला धनी असेल तर त्याचे नाव द्यावे. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात रस किती, यावर वाद आहे. भद्रकाप्य एकच रस मानतो, वार्योविद सहा, निमि सात, तर कांकायन असंख्य. प्रत्येक मत नावानिशी नोंदले आहे, आणि मगच आत्रेयांनी सहा रसांचा निर्णय दिला आहे.

नावानिशी पुराव्याची किंमत हळदीच्या प्रकरणात साऱ्या देशाला कळली. जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. 'भारतात हळद जखमेवर लावली जाते' एवढ्याने भागणारे नव्हते. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख असे छापील पुरावे पुढे ठेवावे लागले, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

माझी स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. एका वृद्ध रुग्णास शस्त्रक्रियेसाठी पाठवताना मी चिठ्ठीत लिहिले : 'ही इज सेड टू बी टेकिंग अ ब्लड थिनर.' रुग्णालयातून दूरध्वनी आला, 'वैद्यराज, हे कोण म्हणाले?' मला नीट सांगता येईना. रुग्णाच्या मुलाने सांगितले होते, त्याने शेजाऱ्याकडून ऐकले होते, आणि गोळ्या आम्ही कोणीच पाहिल्या नव्हत्या. शस्त्रक्रिया थांबली. मुलगा घरी जाऊन गोळ्यांची पट्टी घेऊन आला. त्या केवळ रक्तदाबाच्या निघाल्या. तेव्हापासून चिठ्ठीत मी 'द सन सेज' असे लिहितो, आणि त्यापुढे 'टॅब्लेट्स सीन' किंवा 'नॉट सीन'.