हक्काचा वकील

जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी अकराला शिरलं, की झेरॉक्सवाल्यापुढची रांग आणि काळ्या कोटांची लगबग आधी दिसते. 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरण' ही पाटी मात्र शोधावी लागते.

मी गेलो त्या दिवशी तिथे बसलेल्या बाईंच्या मांडीवर कापडदुकानाची पिशवी होती. आत रेशनकार्ड, लग्नपत्रिका आणि नवऱ्याने पाठवलेली घटस्फोटाची नोटीस. ती नोटीस इतक्यांदा उघडून पुन्हा दुमडली होती, की घडीवर कागद विरला होता. "उत्पन्नाचा दाखला काढायचा राहिलाय," त्या घाबरत म्हणाल्या. टेबलापलीकडच्या विधी स्वयंसेविकेने अर्ज पुढे ओढला. "ताई, दाखला नको. तुम्ही बाई आहात, तेवढं पुरतं. बोला तुम्ही, मी लिहिते."

त्या स्वयंसेविकेने सांगितलं ते कायद्यातच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, अंमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. त्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, या सगळ्यांना कमाई न विचारता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची अट आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला 3 लाख रुपये. वकिलाची फी तर द्यावी लागत नाहीच, कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही सुटतो.

हा हक्क सुखासुखी आलेला नाही. त्यामागे येरवड्याच्या कैद्याची एक गोष्ट आहे. बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात एका प्राध्यापकाला मुंबई उच्च न्यायालयाने 1973 साली तीन वर्षांची शिक्षा दिली. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा चार वर्षं उलटली होती आणि शिक्षा भोगून झाली होती. निकालपत्राची प्रत त्याच्या हाती राहिली की नाही, यावर तुरुंगाचं म्हणणं एक आणि त्याचं दुसरं. 1978 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याचं अपील काही दाखल करून घेतलं नाही, पण त्या निमित्ताने सांगून ठेवलं, की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेवर मिळाली पाहिजे, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर वकीलही. ही मेहेरबानी नव्हे, सरकारचं कर्तव्य आहे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र या नावाने त्या निकालाचा आजही दाखला दिला जातो.

पुढे पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली. 1983 च्या निकालाने पोलिसांना बजावलं, की अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवा. निकालपत्र वाचताना मला नेहमी वाटतं, की एका पत्राला एवढं वजन आलं, ते त्या बायकांपाशी जाऊन बसण्याचे कष्ट कुणीतरी घेतले म्हणून.

बड्या वकिली फर्मचा दानधर्म अलीकडे चर्चेत असतो. शाळांना संगणक, वृक्षारोपण, शिष्यवृत्त्या. चांगलंच आहे, शिवाय कंपन्यांवर सामाजिक खर्चाची जी सक्ती आहे ती भागीदारीत चालणाऱ्या फर्मना नाही, म्हणजे हे देणं मनापासूनचं. पण झाडं कुणीही लावू शकतो. जामिनाचा अर्ज वकीलच लिहू शकतो. बार कौन्सिलचे नियमही हेच सांगतात: ऐपत नसलेल्या गांजलेल्या माणसाची केस फी न घेता चालवणं हे वकिलाच्या समाजाप्रती असलेल्या सर्वांत मोठ्या कर्तव्यांपैकी एक आहे. फर्मच्या ज्येष्ठ वकिलाने महिन्यातला एक दिवस तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांसाठी ठेवला, तर मी ते दान धनादेशापेक्षा मोठं मानेन.

कारण मोफत वकिलाच्या व्यवस्थेतली खरी उणीव वकिलाच्या वेळेचीच आहे. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारं मानधन तुटपुंजं. त्यात स्वतःच्या केसेस सांभाळायच्या. मग कैद्याची आणि त्याच्या वकिलाची पहिली भेट थेट पुकारा झाल्यावर, कोर्टातच. 'फुकटचा वकील काय लढणार' ही समजूत अशा भेटींतूनच पसरते. 2022 पासून सुरू झालेल्या लोक अभिरक्षक कार्यालयांचा उपयोग इथे दिसतो. मुख्य, उप आणि सहायक लोक अभिरक्षक हे पूर्णवेळ नेमलेले वकील असतात, खासगी वकिली करत नाहीत आणि फक्त फौजदारी प्रकरणं पाहतात. अटकेपासून अपिलापर्यंत आरोपीला जाऊन धरता येईल असं एक कार्यालय मिळालं. मला हा बदल गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत मोलाचा वाटतो.

लोकअदालतीही हेच प्राधिकरण भरवतं. तिथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करण्यापूर्वी मसुदा कुणाकडून तरी नीट वाचून घ्यावा.

त्या बाईंचा अर्ज अर्ध्या तासात लिहून झाला. सहीच्या जागी त्यांनी अंगठा दिला, बोटाची शाई पदराला पुसली आणि विचारलं, "पैसे कुठं भरू?" स्वयंसेविकेने पोच हातात दिली. भरायचं काही नव्हतं.

तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनना, शेतावरच्या गड्याला हे कार्यालय ठाऊक नसेल, तर एवढं कराच: त्यांच्या मोबाइलमध्ये 15100 हा क्रमांक स्वतः साठवून द्या. विधी सेवा प्राधिकरणाची ती मदतवाहिनी आहे, आणि फोनला पैसे पडत नाहीत.